हद्द

पाकीट श्रावणात आलं आणि दोन दिवस फ्रिजवरच पडून राहिलं. वर छापलं होतं, 'युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट, नॉर्दर्न डिस्ट्रिक्ट ऑफ कॅलिफोर्निया'. नवरा म्हणाला, "नीट बघ, फ्रॉड असेल." ज्युरी ड्यूटी चुकवलीत, दंड भरा, नाहीतर अटक होईल, असे खोटे फोन इकडे सर्रास येतात. पण हा फोन नव्हता, कागद होता, आणि तो खरा होता.

मी सिटिझन झाले त्याला सहा वर्षं झाली. मधे एकदा काउंटीच्या कोर्टाचं बोलावणं येऊन गेलं होतं. दिवसभर खुर्चीत बसले, कुणी काही विचारलं नाही, घरी आले. हेही तसंच असेल असं धरून चालले होते.

रविवारी बाबांना फोनवर सांगितलं. बाबा वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावीच असतात.

"डिस्ट्रिक्ट कोर्ट म्हणजे जिल्हा न्यायालय. आपल्या सांगलीला आहे तसं."

"नाही बाबा, हे केंद्राचं आहे."

"केंद्राचं म्हणजे दिल्लीसारखं, वॉशिंग्टनला?"

"नाही, इथंच. सॅन फ्रान्सिस्कोत."

थोडा वेळ शांतता. मग, "पण तू केलंस काय?"

मी काही केलं नाही, मला निवाडा करायला बोलावलंय, हे त्यांच्या गळी उतरवायला दहा मिनिटं गेली. उतरल्यावर म्हणाले, "तुला?"

त्यांचा गोंधळ रास्तच होता. आपल्याकडे कोर्टाची शिडी एकच. तालुका, जिल्हा, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट. कायदा केंद्राचा असो की राज्याचा, चढायचं त्याच पायऱ्यांनी. इथे दोन शिड्या शेजारी शेजारी लावलेल्या आहेत. एक राज्याची, एक केंद्राची. केंद्राच्या शिडीची खालची पायरी, जिथे साक्षीपुरावे होतात ती, म्हणजे डिस्ट्रिक्ट कोर्ट. देशभरात अशी ९४ आहेत. काही राज्यांना एकच पुरतं, कॅलिफोर्नियाला चार लागतात. आमच्या 'नॉर्दर्न'ची हद्द १५ काउंट्यांची: वर ऑरेगॉनच्या सीमेला टेकलेल्या डेल नॉर्टपासून खाली मॉन्टेरेपर्यंत, समुद्राला धरून पसरलेली. आमचं फ्रीमॉन्ट त्यातल्या अलामीडा काउंटीत.

हद्द म्हटल्यावर बाबांची कळी खुलली. कारण नेमक्या त्याच आठवड्यात, १८ ऑगस्टला, कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं होतं. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्हे. वकिलांनी त्यासाठी कित्येक वर्षं आंदोलनं केली. बाबांनी स्वतः बांधाच्या एका वादापायी रात्रीच्या एसटीने मुंबईच्या किती खेपा घातल्या याचा हिशेब त्यांच्याकडे अजून वहीत आहे. पहाटे उतरायचं, कुठेतरी तोंड धुवायचं, कोर्टात जायचं, पुढची तारीख घेऊन परतीची एसटी धरायची. "आता जेवून गेलं तरी चालतंय," ते म्हणाले. वाद मात्र मिटून बारा वर्षं झाली.

मग म्हणाले, "ज्युरी म्हणजे टिळकांच्या खटल्यात होती ती ना? सात विरुद्ध दोन."

मला हे आठवलंच नव्हतं. १९०८ चा राजद्रोहाचा खटला, मुंबई हायकोर्ट, न्यायमूर्ती दावर, ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. सातांनी दोषी म्हटलं, दोघांनी निर्दोष. तेवढ्यावर सहा वर्षं मंडाले. पुढे नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं आणि हायकोर्टाने ते फिरवलं. त्यानंतर आपल्याकडे ज्युरीची पद्धत हळूहळू गेलीच. बाबांच्या पिढीला ज्युरी म्हणजे ही दोनच चित्रं. इथे फेडरल कोर्टात मात्र, दोन्ही बाजूंनी आधी काही वेगळं मान्य केलं नसेल तर, सगळ्यांचं एकमत लागतं. सात विरुद्ध दोन म्हणजे निकालच नाही. हे बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बघ."

नेमकी घटस्थापनेच्या सोमवारी हजेरी आली. आदल्या संध्याकाळी वेबसाइटवर आपला गट बोलावलाय का ते बघायचं असतं, बोलावला होता. पहाटे उठून घट बसवले, माळ लावली, आणि बार्ट ही इथली लोकल पकडून सिव्हिक सेंटरला उतरले.

फिलिप बर्टन फेडरल बिल्डिंग ही गोल्डन गेट अव्हेन्यूवरची उंच, सरळसोट, कपाटासारखी इमारत आहे. कोर्ट म्हणून डोळ्यांसमोर जे येतं, खांब, पायऱ्या, घुमट, त्यातलं काही नाही. गंमत म्हणजे रस्त्याच्या पलीकडे कॅलिफोर्निया राज्याची इमारत आहे आणि त्याच संकुलात राज्याचं सुप्रीम कोर्ट बसतं. पण अलीकडच्या या डिस्ट्रिक्ट कोर्टावर त्याचा अधिकार चालत नाही. इथल्या निकालावर अपील जातं ते नाइन्थ सर्किट या केंद्राच्याच अपील कोर्टाकडे, सेव्हन्थ स्ट्रीटवर, चालत दहा मिनिटं. मधला रस्ता म्हणजे दोन शिड्यांमधली फट.

ज्युरीच्या हॉलमध्ये साठेक माणसं होती. ओळखपत्र, फॉर्म, एक छोटा व्हिडिओ, आणि मग वाट बघणं. सोनोमाहून आलेले एक आजोबा पहाटे पाचला निघाले होते. डाव्या बाजूला एक मुलगी लोकरीचं काहीतरी विणत होती. सुया सिक्युरिटीने कशा सोडल्या कोण जाणे. मी फोनवर या कोर्टाचा इतिहास वाचायला घेतला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, आणि वाचत गेले तशी गुंतत गेले.

कॅलिफोर्निया राज्य झालं ९ सप्टेंबर १८५० ला, आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्याचे दोन न्यायिक जिल्हे पाडले, उत्तर आणि दक्षिण. १८६६ मध्ये दोन्ही मिळून एक केलं. १८८६ मध्ये पुन्हा दोन. १९६६ मध्ये चार. माझ्या आजोबांच्या जुन्या कागदांवर जिल्हा 'दक्षिण सातारा' आहे, बाबांच्या कागदांवर 'सांगली'. घर तेच, विहीर तीच. त्यामुळे हे वाचताना मला काही नवल वाटलं नाही.

उत्तरेचा पहिला न्यायाधीश ऑग्डेन हॉफमन. नेमणूक झाली १८५१ मध्ये, वय तिशीच्या आत, आणि १८९१ पर्यंत, मरेपर्यंत, चाळीस वर्षं तो त्याच खुर्चीवर. त्याच्यापुढे आलेला पहिला मोठा ढिगारा जमिनीचा. मेक्सिकोकडून हा मुलूख अमेरिकेकडे आला तेव्हा तहात म्हटलं होतं की जुन्या मालकांचे हक्क राखले जातील. मग १८५१ चा कायदा आला: ज्याची जमीन असेल त्याने ती आपली असल्याचं सिद्ध करावं. ८१३ दावे दाखल झाले. आधी कमिशनपुढे, मग डिस्ट्रिक्ट कोर्टात. कुणाकडे स्पॅनिशमधला फाटका कागद, कुणाकडे हाताने काढलेला नकाशा ज्यात ओढा, ओक आणि टेकडी या खुणा. बरेच जण अखेर जिंकलेही, पण तोवर जमीन वकिलांच्या फीमध्ये गेलेली.

वाचताना मला इनाम कमिशनच आठवलं. साल बघा: इकडे १८५१, तिकडे मुंबई इलाख्यात १८५२ चा कायदा. सनद दाखवा, नाहीतर इनाम खालसा. आमच्या दक्षिण महाराष्ट्रात कितीजणांनी वाळवी लागलेल्या सनदा घेऊन साहेबापुढे रांग लावली असेल. पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच वेळी नव्या सरकारने जुन्या मालकांना म्हटलं, कागद आणा.

दुसरा ढिगारा माणसांचा. १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला. बोटीवरून उतरू न दिलेले चिनी लोक हेबियस कॉर्पसचे, म्हणजे बेकायदा अडकवून ठेवल्याविरुद्धचे, अर्ज घेऊन या कोर्टात यायचे. हजारोंनी आले. हॉफमनला चिनी लोकांचं येणं स्वतःला पसंत नव्हतं. तरी आलेला प्रत्येक माणूस हा वेगळा दावा, म्हणून तो एकेकाचं ऐकून घेत बसला आणि त्यासाठी वर्तमानपत्रांच्या शिव्या खाल्ल्या. तो गेल्यावर पाच वर्षांनी, १८९६ मध्ये, याच कोर्टाने वाँग किम आर्क नावाच्या, सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या स्वयंपाक्याला नागरिक ठरवलं. १८९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. माझा मुलगा फ्रीमॉन्टच्या हॉस्पिटलात जन्मला तेव्हा मी ग्रीन कार्डाच्या रांगेत होते. तो पहिल्या श्वासालाच सिटिझन झाला, मला चौदा वर्षं लागली. तो ज्या दारातून आत आला ते या स्वयंपाक्याने उघडून ठेवलं होतं.

एवढ्यात नावं पुकारली.

कोर्टरूममध्ये आम्हाला क्रमाने बसवलं. दावा दिवाणी. वादी सोनोमा काउंटीतला, वाइनच्या बाटल्या भरायच्या कारखान्यातला कामगार. पट्ट्याच्या रुळात हात जाऊन त्याची दोन बोटं गेली होती. प्रतिवादी ते यंत्र बनवणारी परराज्यातली कंपनी. मालकावर दावा का नाही, तर कामावरच्या अपघाताची भरपाई वेगळ्या विम्यातून मिळते आणि त्यामुळे मालकावर सहसा कोर्टात जाता येत नाही. यंत्र बनवणाऱ्यावर जाता येतं.

न्यायाधीशबाईंनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. तुमचं काम काय, घरी कोण, आधी कधी ज्युरीत होता का. मग: "तुमच्या जवळच्या कुणाला यंत्रामुळे इजा झाली आहे का?"

मी हात वर केला, आणि माईक हातात आल्यावर लक्षात आलं की 'गुऱ्हाळ' कसं सांगायचं याचा मी कधी विचारच केलेला नाही. ऊस पिळून गूळ करायची आमची जागा होती, म्हटलं. लोखंडी घाणा, डिझेलच्या इंजिनावर. माझा चुलता, तात्या, ऊस घालायला बसायचा. एका पहाटे मोळीबरोबर उजवा हात ओढला गेला. तर्जनी आणि मधलं बोट. मी नऊ वर्षांची होते. चिपाडांच्या ढिगाकडून धावत आले तेव्हा इंजिन बंद झालं होतं आणि काहिलीतला रस मात्र उकळतच होता. तो ढवळायला कुणीतरी लागतं म्हणून गुळव्या जागचा हलला नव्हता. हे शेवटचं मी तिथे सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की त्या दिवसापासून तात्याच्या सदऱ्याची बटणं काकी लावते.

कंपनीच्या वकिलाने विचारलं, "तुमच्या कुटुंबाने यंत्र बनवणाऱ्याला दोष दिला का?"

"नाही. तसं कुणाच्या मनातही आलं नाही."

"आज येतं का?"

"हा प्रश्न मला आज पहिल्यांदाच पडतोय," मी म्हटलं. खरंच होतं. काहीजण हसले. न्यायाधीशबाईंनी विचारलं, पुरावा ऐकून निःपक्षपातीपणे ठरवू शकाल का? मी म्हटलं, प्रयत्न करेन. प्रयत्न नको, हो की नाही ते सांगा, त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं.

मला वाटलं, गेले मी. दोन्ही बाजूंना तीन-तीन जणांना कारण न देता काढायचा हक्क असतो. कंपनीने आपले तिन्ही हक्क आणीबाणी विभागातली एक नर्स, एक मिस्त्री आणि एका कामगार संघटनेचा माजी पदाधिकारी यांच्यावर खर्च केले. मी आठवी आणि शेवटची. दिवाणी दाव्यात इथे सहा ते बारा माणसं चालतात. आम्ही आठ होतो. विणणारी मुलगी तिसरी.

त्या कोर्टाचा दिवस साडेआठ ते दीडपर्यंतच चालायचा. सुटल्यावर मी सेव्हन्थ आणि मिशनच्या कोपऱ्यावर गेले. तिथे नाइन्थ सर्किटची इमारत आहे, १९०५ मध्ये उघडलेली, आणि ती मात्र डोळ्यांसमोर येते तश्शी: संगमरवर, कमानी, कोरीव काम. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत आजूबाजूचं शहर जळालं, ही वाचली, कारण खालच्या पोस्टातले कर्मचारी आत थांबून आग विझवत राहिले. तेव्हा डिस्ट्रिक्ट कोर्टही इथेच भरायचं. नोव्हेंबर १९१७ मध्ये गदर पक्षाच्या लोकांवरचा खटला इथेच उभा राहिला, न्यायाधीश व्हॅन फ्लीट यांच्यापुढे. अमेरिकेच्या भूमीवरून ब्रिटिश हिंदुस्थानाविरुद्ध उठावाचा कट करून तटस्थतेचा कायदा मोडला, हा आरोप. सोबत जर्मन वकिलातीतली माणसंही आरोपी. एप्रिल १९१८ मध्ये, खटल्याच्या अगदी शेवटी, भर कोर्टात राम सिंग या आरोपीने सहआरोपी रामचंद्र यांना गोळी घातली आणि मार्शलने त्याच क्षणी राम सिंगला.

तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे या आरोपींत नव्हते. ते अमेरिकेतून १९१४ मध्येच परत गेले, मेरठच्या छावणीत बाँबसह सापडले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. इकडे राहिले असते तर बहुतेक याच इमारतीत उभे राहिले असते. मी समोरच्या फुटपाथवर थोडा वेळ थांबले. उपास होता, भूक लागली होती. पर्समधला राजगिऱ्याचा लाडू खाल्ला आणि बार्टला लागले.

मंगळवारी वादीची साक्ष झाली. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट. बोलायचा स्पॅनिशमध्ये, दुभाषी इंग्रजीत सांगायची. आम्हाला सूचना होती की स्पॅनिश कळत असलं तरी दुभाषी सांगेल तेच धरायचं. आमच्यातल्या एकाला येत होतं. मधेच एका वाक्याला त्याने ओठ घट्ट मिटले ते मला दिसलं. काय निसटलं होतं ते आम्हाला कधीच कळणार नव्हतं. तात्या तिथे बसला असता तर 'हात वढून न्हेला' याचं इंग्रजी कुणी कसं केलं असतं, हा विचार मी बळंच बाजूला सारला.

मग यंत्रावरची सुरक्षेची जाळी पुरावा म्हणून आमच्या हातांतून फिरवली. साधी पत्र्याची, साडीच्या खोक्याएवढी, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. कंपनीचं म्हणणं, आम्ही जाळी दिली होती, कारखान्याने काढून ठेवली. वादीचं म्हणणं, बाटली अडकली की ती काढावीच लागायची आणि दिवसातून वीसदा बाटली अडकायची. आम्हाला चिठ्ठीवर प्रश्न लिहून द्यायची मुभा होती. मी लिहिलं: ही जाळी काढून परत बसवायला किती वेळ लागतो? न्यायाधीशबाईंनी चिठ्ठी वाचली, दोन्ही वकिलांना जवळ बोलावून कुजबुजल्या, आणि कंपनीच्या इंजिनियरला प्रश्न विचारला गेला. सरावाच्या माणसाला सहा-सात मिनिटं, तो म्हणाला. वीस गुणिले सात, आठही जणांनी मनात केलेलं मला ऐकू आलं.

बुधवारी सकाळी साडेआठला आम्हाला आत बोलावलंच नाही. नऊ. साडेनऊ. विणणाऱ्या मुलीचा मोजा टाचेपर्यंत आला. दहाला बोलावलं, आणि न्यायाधीशबाई म्हणाल्या, दोन्ही पक्षांनी रात्री तडजोड केली आहे, तुमची सेवा संपली, तुमच्या इथे असण्यामुळेच हे घडलं, आभारी आहे. वादी मान खाली घालून बसला होता. आम्ही आठजण लिफ्टमध्ये शिरलो तेव्हा कुठे एकमेकांना विचारता आलं. मी मनात वादीच्या बाजूने ठरवून टाकलं होतं. सोनोमाचे आजोबा म्हणाले, "मी नाही. जाळी काढली ती कारखान्याने." तळमजला आला. आमचं एकमत झालं असतं असं मला वाटत नाही.

मेहनताना दिवसाला ५० डॉलर, तीन दिवसांचे १५०, शिवाय प्रवासखर्च. घरी आल्यावर मी कोर्टाच्या पेसर या साइटवर दाव्याची नोंद उघडली. पानाला दहा सेंट पडतात. तेव्हा कळलं की वादीने दावा मुळात सोनोमाच्या राज्य कोर्टात लावला होता. कंपनी परराज्यातली, रक्कम ७५,००० डॉलरच्या वर, म्हणून तिने तो इकडे ओढून आणला होता. एवढं करूनही लावायचा होता तो कायदा कॅलिफोर्नियाचाच. कोर्ट केंद्राचं, कायदा राज्याचा, आणि सोनोमाच्या माणसाच्या दाव्यासाठी वाळव्याची बाई. शेवटची नोंद एका ओळीची: ज्युरी मुक्त केली.

बाबांचा फोन आला. "काय निकाल दिलास?"

"दिलाच नाही. मिटलं आपसांत."

"कितीला?"

"ते सांगत नाहीत."

"मग तीन दिवस बसवलं कशाला?" मागे कुणीतरी काही बोललं. "थांब, तात्या विचारतोय."

तात्याने फोन घेतला. "बोटं कंची गेली त्येची?"

"करंगळी आणि शेजारचं. उजव्या हाताचं."

"पयलं बोट हाय न्हवं?"

"आहे."

"मग बटणं लावत आसंल त्यो," तात्या म्हणाला आणि फोन परत बाबांकडे दिला.